दादांची लेझीम आज थांबेचना

मंडळी, गावाहून आले ती थेट सावेडीतल्या सायबर कॅफेत शिरले. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही!

माझ्या वडिलांना, दादांना, पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो, चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटतात. एके काळी मिरजगावात जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाच्या पुढे तेच असायचे. डॉक्टर म्हणाले, "तालावर नाचवा त्यांना." म्हणून चार महिने रोज गच्चीवर मी ताट बडवलं आणि दादा लेझीम खेळले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वैतागल्या. वैतागू देत!

आज जयंती. गावातल्या विहारासमोर दादा रांगेत उभे राहिले. हात थरथरत असल्यामुळे त्यांची लेझीम आधीच खुळखुळायला लागली. भाऊ माझ्या कानाशी कुजबुजला, "अगं, पडले म्हंजी? बसव त्यांना."

मी म्हटलं, "तूच बस."

हलगी कडाडली. रांग पुढे सरकली, दादा जागेवरच. मग त्यांनी मान डोलावली, ठेका धरला आणि उजवा पाय उचलला. वाकले, उठले, वळले! थरथर कुठल्या कुठे पळाली. चौकापर्यंत एकदाही अडखळले नाहीत.

हलगी थांबली, सगळ्यांच्या लेझमी गप्प झाल्या. दादांचा हात मात्र पुन्हा थरथरू लागला आणि त्यांची एकट्याची लेझीम खुळखुळत राहिली. भाऊ बघतच राहिला.

दादा हातातली लेझीम त्याच्यापुढे धरून म्हणाले, "बघतो काय? हिचं मन भरलं न्हाई आजून. वाजीव म्हनाव हलगी!"

खरं सांगा, तुमच्या घरी 'पडाल' म्हणून कुणाला बसवून ठेवलंय?