जोकरच्या हाताखाली

जास्त पैसे घ्या म्हणून तिकीटखिडकीवर भांडणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

बडोद्याबाहेर डभोई रस्त्याच्या बाजूला एक पार्क होतं, मोठाले पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेलं. तिथे आम्ही एका रविवारी गेलो होतो. ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी. भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं आणि मी, म्हणजे आत्या. आमच्या घरात आत्याकडे काही खाती कायमची सोपवलेली आहेत: नकला, थापा आणि रुसलेल्यांना हसवणं. ती मी मंत्र्याच्या थाटात सांभाळते.

खिडकीशेजारी पत्र्याचा एक रंगवलेला जोकर उभा होता. एक हात कमरेवर, दुसरा आडवा पुढे केलेला. ज्याचं डोकं त्या हाताखालून सुटेल त्याला अर्धं तिकीट, ज्याचं अडेल त्याला पूर्ण. आधी भाची गेली. वय सात. तिचं कपाळ हाताला टणकन आपटलं आणि ती आनंदाने किंचाळली. मग भाचा गेला. वय साडेनऊ. तो त्या हाताखालून सरळ चालत पलीकडे गेला. मान वाकवली नाही, हाताला केससुद्धा लागले नाहीत.

खिडकीतल्या माणसाने मुलांसाठी एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं.

"चूक होतेय," भाऊ हिंदीत म्हणाला. "मुलगा मोठा आहे. त्याचंही पूर्ण द्या."

"अंकल, हाइट से होता है."

"साडेनऊ वर्षांचा आहे तो!"

"तो क्या हुआ? आधा लगता है, पूरा काहे को लेते हो?"

रांगेतले लोक हसायला लागले. त्या बिचाऱ्या माणसाने आजवर काय काय पाहिलं असेल! गुडघे वाकवून उभी केलेली पोरं, कडेवर घेऊन तान्ही ठरवलेली पोरं. हा प्रकार त्याला नवा होता. शेवटी त्याने भावाला कोपरापासून नमस्कार केला आणि पूर्ण तिकीट दिलं. भावाने ते मुलाच्या शर्टाच्या खिशात असं ठेवलं, जसं काही पदक लावतोय.

"महाराजांचा विजय असो!" मी ओरडले आणि टाळ्या वाजवल्या. भाचा हसला. भावजय हसली नाही.

ती का हसली नाही, हे मला माहीत होतं. आठवड्यापूर्वीच ती माझ्याकडे येऊन बसली होती. शाळेत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की मुलगा वाढत नाहीये. मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उपचार आहेत, पण ते हाडं वाढायची थांबायच्या आत करावे लागतात. नंतर कोणी काही करू शकत नाही. आणि भाऊ ऐकायला तयार नव्हता.

भावाकडे आजोबा होते. आमचे आजोबा म्हणे वर्गात सगळ्यांत बुटके होते आणि सरकारवाड्यात नोकरीला लागल्यावर एका वर्षात असे सरसरून वाढले, की कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या. "आमच्याकडे उशिराच वाढतात," भाऊ म्हणायचा. आजोबांना तेव्हा कोणी मोजलं नव्हतं. पण आता ते फोटोत होते, हार घालून, आणि त्यांच्याशी वाद घालता येत नव्हता.

"ताई, तो तुमचं ऐकतो," भावजय म्हणाली होती. "मी बोलले की भांडण होतं. म्हणतो, माझ्या धडधाकट मुलाला आजारी ठरवू नकोस. तुम्ही हसवत हसवत सांगा ना."

म्हणून मी त्या दिवशी गेले होते. नाहीतर उलटंपालटं करणाऱ्या यंत्रात बसायची हौस मला या वयात कशाला असेल?

आत गेल्यावर कळलं, की जोकर एकच नव्हता. प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी त्याचा एकेक भाऊ हात आडवा करून उभा होता. इथे नियम उलटा होता: हाताला डोकं लागलं तर आत, नाहीतर बाहेर. भाची प्रत्येक ठिकाणी आत जायची. भाचा प्रत्येक ठिकाणी बाहेर राहायचा. पहिल्या ठिकाणी त्याने टाचा उचलून पाहिल्या. दुसऱ्या ठिकाणी खांदे ताणले. त्यानंतर तो जोकरपाशी गेलाच नाही. लांबूनच एक नजर टाकायचा आणि बहिणीच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी आपणहून हातात घ्यायचा.

मी भावाला सावलीत गाठलं आणि कामाला लागले.

"मी काय म्हणते, आजोबांनी त्या वर्षी काय खाल्लं होतं ते शोधायला हवं. एखाद्या डॉक्टरला विचारून बघू या का? तेवढंच कोटाच्या कापडाचं बजेट करता येईल."

भाऊ हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. "ताई, तुला हिने पाठवलंय ना?"

"मला कोण पाठवणार? मी पूर्ण तिकिटावर आलेय."

"मग पार्क बघ."

झालं. मंत्रिमहोदया सपशेल पडल्या. समोर भाची एका होडीत आकाशाकडे चालली होती आणि भाचा खाली तिच्या चपला दोन्ही हातांत धरून वर बघत होता.

दुपारी आम्ही पावभाजीच्या रांगेत उभे होतो. पुढे एक गोल, गोड, बोलक्या आजीबाई होत्या. अशी एक बाई बडोद्यात प्रत्येक रांगेत असतेच. त्यांनी वळून मुलांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बेन मोटी, भाई नानो. सरस जोडी छे!" बहीण मोठी, भाऊ लहान, त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मग भावाला विचारलं, "केटला वरसनो थयो बाबो?"

भावाने मुलाकडे पाहिलं. मग रांगेतल्या लोकांकडे.

"छ," तो म्हणाला. सहा.

आता हे समजून घ्या. थापांचं खातं माझं. माझा भाऊ म्हणजे भाजीवाल्याने चुकून जास्त टाकलेली कोथिंबीर परत करायला गोत्रीच्या नाक्यापर्यंत चालत जाणारा माणूस. सकाळी तो मुलाच्या साडेनऊ वर्षांसाठी रांगेसमोर भांडला होता. दुपारी त्याने त्यातली साडेतीन वर्षं एका अनोळखी बाईला देऊन टाकली, आणि तीही गुजरातीत. मराठीत त्याची जीभ वळली नसती. तेव्हा मला कळलं, की त्याचा आजोबांवर काडीचाही विश्वास नव्हता. तो नुसता घाबरलेला होता.

"बाबा, तो काय सहाचा आहे? मी..." भाचीने सुरू केलं. भावजयीने तिचा हात असा दाबला, की ती पुढे बोललीच नाही.

आजीबाईंनी भाच्याचा गाल ओढला. आणि भाचा हसला. जीभ दातांत धरून, बोबडं बोलत म्हणाला, "थँक्यू आंती!"

मला हसू फुटलं. तो आवाज मीच शिकवलेला होता! सोसायटीच्या गणपतीत मुलांची नाटकं मी बसवते, त्यात लहान बाळाचं काम तो असं करायचा, की माणसं खुर्चीतून पडायची. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, कशी वेळ मारून नेलीस!

पण पावभाजी संपली तरी त्याने ते सोंग उतरवलं नाही. वडिलांचं बोट धरून चालायला लागला. अगदी लहान मुलांसाठी बदकांची एक छोटी गाडी गोल फिरत होती, घंटा वाजवत. "बाबा, मला बदक पायजे," म्हणाला. भावाने त्याला बसवलं. आजूबाजूच्या बदकांत तीन-चार वर्षांची पोरं होती. मी त्याचे गुडघे कुठे अडकतात ते बघत होते. ते कुठेच अडकले नाहीत. तो त्या बदकात नीट मावला. तिथून पुढे मला हसू आलं नाही.

प्रत्येक फेरीला तो हात हलवायचा. "बाबा, ता-ता! आत्या, ता-ता!" इतर आईबाप कौतुकाने बघत होते.

"ताई, बास म्हण त्याला," भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला.

"तू म्हण."

त्याच्याने म्हणवेना. गाडी आपोआप थांबेपर्यंत आम्ही तिघं कठड्याला धरून उभे होतो.

भाचा उतरून आला. भाऊ त्याच्यासमोर उकिडवा बसला. "अरे, असं काय बोलतोस? नीट बोल बघू."

भाच्याने घसा साफ केला आणि आपल्या नेहमीच्या, साडेनऊ वर्षांच्या आवाजात म्हणाला, "बाबा, सहाचा असलो की मी बरोबर असतो. कोणी काही विचारत नाही." जरा थांबून त्याने विचारलं, "शाळेत पण असंच सांगता येईल का?"

त्यात टोमणा नव्हता. रुसवासुद्धा नव्हता. एखादी सोय सुचावी तसं त्याला सुचलं होतं, आणि वडिलांना पटेल असं त्याला खरंच वाटत होतं.

  घंटा वाजली आणि बदकं दुसरी मुलं घेऊन निघाली.

भाऊ उकिडवाच होता. त्याने खालूनच बायकोला विचारलं, "कुठल्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंय?"

"नाव आहे माझ्याकडे. उद्या फोन करते."

"शाळेतल्या त्या डॉक्टरीणबाई बोलल्या कधी तुला?"

"मागच्या वर्षी," भावजय म्हणाली. "या वर्षी परत."

मोठ्या डॉक्टरांनी हाडांचे फोटो बराच वेळ उजेडात धरून पाहिले. ते सभ्य होते. "थोडं आधी आणलं असतं तर..." म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. वाढेल, पण किती ते बघू, असं म्हणाले. तेव्हापासून रोज झोपण्यापूर्वी भाच्याला इंजेक्शन लागतं. ते भाऊ स्वतः देतो. आधी रक्त बघून घेरी येणारा माणूस! आता त्याचा हात हलत नाही. मुलगा थोडा वाढलाय. बहीण त्याच्यापेक्षा बरीच जास्त वाढलीय. आजोबांच्या कोटाची गोष्ट घरात कोणी काढत नाही.

परवाच्या गणपतीत माझ्या नाटकात एक खोडकर शेंडेफळ होतं. मी झगझगीत टोपी घेऊन भाच्याच्या खोलीत थाटात शिरले. "महाराज, आपल्यासाठी खास भूमिका!"

तो अभ्यास करत होता. आता तो बारा पूर्ण आहे. "लहान मुलाची?"

"हो."

"मी तेवढाच दिसतो म्हणून?"

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या, एकाहून एक सरस. "हो," मी म्हणाले. "आणि तू ते चांगलं करतोस म्हणून."

त्याने पुस्तकात बोट घालून ठेवलं. "मला येतं ते, आत्या. पण मी नाही करणार."

मी टोपी घेऊन बाहेर आले. मग खालच्या मजल्यावरचा एक खराखुरा सहा वर्षांचा मुलगा घेतला. त्याला शेवटपर्यंत एकही वाक्य पाठ झालं नाही.