मोघेसाहेबांचे उपडे डबे

मोघेसाहेब गेल्याचं त्यांच्या पत्नीने, सुलभावहिनींनी, मला जिन्यातच सांगितलं. तेव्हा त्यांच्याच प्रोग्रामचा, कडेला भोकं असलेला ताजा छापील कागद माझ्या हातात होता. दोन वर्षं ते ज्याची वाट पाहत होते, तोच. मी तो घडी करून पाकिटात ठेवला… महिना झाला, अजून तिथेच आहे.

नेरूळला आमचे फ्लॅट वरखाली. ते निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, मी संगणकावर बोटं बडवणारा. भाताला घातलेल्या खतातला नत्र जातो कुठे, हा त्यांचा ध्यास. मातीत हवा संपली की तिथले जिवाणू नत्राचा वायू करून उडवून लावतात. किती उडेल, हे आधीच सांगणारं गणित त्यांना मांडायचं होतं; त्याचा प्रोग्राम मी लिहीत होतो. त्यासाठी दर दुसऱ्या शनिवारी ते करंजाड्याला हिराबाईंच्या शेतात पत्र्याचे डबे उपडे घालून वायू गोळा करत. “एकदा चल रे. खुर्चीत बसून माती कळत नाही,” असं किती वेळा म्हणाले. मी चिखलाचं निमित्त सांगायचो. खरं तर आळसच.

गणित काही जुळेना. शेतातून आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त नत्र उडत होता. एकदा वैतागून मी म्हटलं, “साहेब, एखादा गुणक घुसडू. गणिताची रेघ गपगुमान मोजमापांच्या ठिपक्यांवर बसेल.” ते हसले. “मग मातीला कशाला विचारायचं? तुलाच विचारलं असतं.” ती जमीन नव्या वसाहतीत जाणार होती, हंगाम शेवटचा होता. तरी माणूस हलला नाही. मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

शेवटच्या खेपेला ते चुकून गुरुवारीच गेले, तर हिराबाई बांध फोडून पाणी काढत होत्या. “सायेब, तुमी येनार म्हनून दर वेलेला काडते. चिखलान पाय भरतात ना तुमचे. तुमी गेलाव का परत भरते.” दोन वर्षं शेत सुकत होतं, हवा खाऊन खताचं नायट्रेट करत होतं, पुन्हा बुडलं की जिवाणू त्याचाच वायू करत होते, आणि नत्राला पळायला वाट मिळत होती. शनिवारी पाणी ओसरलेलं दिसे, ते त्या दिवसापुरतंच आपसूक जिरलं असेल असं समजून आम्ही मात्र गणितात कायम पाणी धरलेलं. मला हे सांगताना हसून हसून मोघेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता पाणी काढू नका, मी गमबूट आणतो,” असं हिराबाईंना बजावून आले होते. सगळे शनिवार त्यांच्या डायरीत होतेच. ते कोरडे दिवस मी गणितात घातले आणि रेघ ठिपक्यांवरून गेली. तोच हा कागद.

गेल्या शनिवारी डबे आणायला करंजाड्याला गेलो. वहिनी नवेकोरे गमबूट देत होत्या, मला घेववले नाहीत. शेत काठोकाठ भरलेलं, मधोमध डबे. साहेब गेल्याचं हिराबाईंना सांगितलं. पदर तोंडाला लावून त्या बांधावर बसून राहिल्या. मग माझ्या पायांकडे बघत उठल्या.

“थांबा, पानी काडते.”

“नको,” मी म्हणालो. चपला बांधावर काढल्या आणि पाण्यात उतरलो.