डाव्या कानाची खाच

आमच्या घरच्या मेंढराच्या डाव्या कानाला खाच असे. कोकरू थोडे मोठे झाले की चुलता ती मारी आणि जखमेवर हळद दाबी. बाजारातून आणलेल्या मेंढीच्या उजव्या कानाला खाच मारत आणि तिच्या कोकरांनाही आईचीच खूण मिळे. त्यामुळे कोणते जनावर कोणाच्या पोटचे, हे कान पाहून कळत असे.

निजामाचे राज्य गेले, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली, म्हणून माझ्यासारखा मुलगा गंगाखेडच्या शाळेत टिकला. मी तिथे असताना एका पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल वाळेचना. मेंढरांचे खूर सडले. अर्ध्याहून अधिक कळप गेला. उरली ती बुटकी, टणक खुरांची. खोट भरून काढायला चुलत्याने उंच, दाट लोकरीच्या मेंढ्या विकत आणल्या. मेंढरांमागे तोच असे, बाबा शेतीत.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी भावांची वाटणी झाली. माझ्या कॉलेजचा सगळा भार आमच्या वाट्याच्या मेंढरांवर असणार होता. चुलत्याने शपथेसाठी देवापुढचा भंडारा उचलला आणि म्हणाला, "दादा, डोक्याला डोकं मोजून देतो. थोराडं तुला, बारकी मला. पोराला शिकायचं हाय."

उजव्या खाचेची सगळी आमच्याकडे आली, डाव्या खाचेची त्याच्याकडे राहिली. सगळ्यांनी ते पाहिले. "धाकटा असावा तर असा," लोक म्हणाले. आईचे डोळे भरून आले. मी चुलत्याच्या पाया पडलो आणि औरंगाबादला गेलो.

तिथे एकदा जीवशास्त्राच्या सरांनी सांगितले, "एकेक प्राणी आपल्या इच्छेने बदलत नाही. पिल्ले मुळातच थोडी वेगवेगळी जन्मतात. परिस्थितीत जी टिकतात त्यांचीच पुढे पिल्ले होतात, आणि त्यांचे गुण पिल्लांत उतरतात. पिढ्या उलटतात तसा कळप बदलतो." मला हर्ष झाला. हे तर मी डोळ्यांनी पाहिले होते! त्या पावसाळ्याने आमचा कळप निवडून काढला होता. घरी जाऊन बाबांना हे सांगायचे, असे मी ठरवले. कोणती मेंढरे आता कोणाकडे आहेत, हे त्या आनंदात मला सुचलेच नाही.

त्या वर्षीही पाऊस थांबेचना. दिवाळीला वाटेत गाडी बदलून मी गावी आलो आणि थेट रानात गेलो. आमची मेंढरे पुढचे गुडघे टेकून चरत होती. खुरांवर उभे राहणे त्यांना सोसत नव्हते. बांधापलीकडे, त्याच चिखलात, चुलत्याची बारकी मेंढरे उड्या मारत होती.

मी बांध ओलांडून गेलो. "काका, तुमाला ठावं होतं?"

"काय ठावं होतं?"

"कोणची चिखलात टिकत्यात."

तो हसला. "आता कालिजातून येऊन चुलत्याला सवाल करायलास व्हय? अरं, डोक्याला डोकं दिलं का न्हाई? इचार तुझ्या बाला."

"ठावं होतं का न्हाई?"

"पाच पावसाळे चिखलात म्या काढले," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तुझा बा छपरात निजायचा. कोणचं लंगडतं, कोणचं न्हाई, म्या न्हाई बघणार तर कोण बघंल?"

पाया पडताना त्याने माझ्या पाठीवर ठेवलेला हात मला आठवला. तेव्हाही त्याला हे माहीत होते.

मी बाबांना सगळे सांगितले, सरांचे शिकवणेसुद्धा. कॉलेज सोडतो, असेही म्हणालो. ते बराच वेळ एका मेंढीचा खूर साफ करत राहिले.

"मोजून दिली म्हणतो, ते खरं हाय," ते म्हणाले. "पर म्या मोजलीच न्हवती. भाऊ देतोय म्हणल्यावर काय मोजायचं? तू परत जा. आमी बघतो."

मी परत गेलो. बहुतेक मेंढरे मेली. आई-बाबा सेलूकडे कापूस वेचायला जाऊ लागले, आणि त्यांच्या मजुरीवर मी पदवीधर झालो. ते ऋण फिटणारे नाही.

मोजकी मेंढरे मात्र वाचली. बरीचशी आमच्या घरच्या जुन्या नरापासून, एडक्यापासून झालेली; त्याचे टणक खूर त्यांच्यात उतरले होते. पुढल्या साली त्यांना कोकरे झाली. मला वाटले, बाबा आता त्यांना आपली डावी खाच मारतील. त्यांनी कोकरू मांडीवर घेतले, डावा कान चिमटीत धरला आणि सोडून दिला. मग दोन्ही कानांची टोके छाटली.

"ही कोणाची खूण?" मी विचारले.

"आपली," ते म्हणाले. आणि कोकरू चुलत्याच्या बांधाकडे पळू लागले तसे त्यांनी ते मागे ओढले.