कॉफीचं नवं

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत कमळूला समजावून सांगायची भारी हौस. आणि कमळूचं ऐकायचं नाही, ही वाडीची तेवढीच जुनी हौस. तशात मुरबाडच्या एका संस्थेची योगिनी आली आणि फणसांच्या सावलीत लावा म्हणून कॉफीची रोपं देऊन गेली. त्या दिवसापासून कमळूने फणसाच्या फांदीला कोयता लावला नाही. बाकीचे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पाला जाळत, हा तोच पाला गोळा करून रोपांच्या बुडाशी पसरत बसे, वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "जाळू नका रे, जमिनीचं पांघरूण हाय ते."

"थंडी वाजते काय रे तुज्या झाडांना?" धाऊ भगत विचारायचा. "मंग गोधडीच टाक की!"

चार वर्षं कमळूने हे ऐकून घेतलं. यंदा पौषात झाडं लाल फळांनी लगडली, टेंपो घेऊन येते असा योगिनीचा निरोप आला, आणि कमळूने एकच ध्यास घेतला: वाडीच्या डोळ्यांदेखत आपली टोपली त्या टेंपोत चढली पाहिजे. मग बघू कोण हसतं!

सकाळीच फळं तोडून त्याने भरली टोपली ओसरीवर आणली. दारात बायको बाईजा पदर खोचून उभी.

"कुठं निघाली टोपली? नवं केलं काय?"

नवं म्हणजे पहिल्या पिकाचा मान. भात असो, नाहीतर रानातली साधी भाजी. आधी गावदेवाला, मग घरोघर चाखायला. त्याच्या आत दाणा शिवेबाहेर गेला की देव रुसलाच म्हणून समजा.

"गो, ही कॉफी हाय. वाळवायची, सोलायची, भाजायची, दळायची. तवर देव थांबल काय?"

"देव थांबल. टेंपो थांबायचा नाय. मंग घाई कोनाला हाय, देवाला का तुमाला?"

कमळूने टोपली खाली टेकवली. धाऊला बोलावणं गेलं. धाऊने फळं गावदेवाच्या पाटावर ठेवली, हात जोडले, एक उचलून उलटंपालटं पाहिलं आणि डोळे मिटून तोंडात टाकलं. सगळी वाडी त्याच्या गालांकडे बघत राहिली.

"गोड हाय की रे!" धाऊने बिया थुंकल्या आणि लगेच मूठभर फळं उचलली.

झालं! देवाच्या वाट्याला नको म्हणणार कोण? म्हातारे आले, लेकुरवाळ्या आल्या, शेजारच्या वाडीचा पाहुणा आला, तोही चोखत बसला. बाईजाने मधोमध घमेलं ठेवून दटावलं, "बिया हितं टाका, अंगन घान केलं तर बघा!"

टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा टोपलीत चार पानं तेवढी उरली होती.

"कमळूबाबा, फळं कुठायत?" योगिनीने विचारलं.

"फळं पोटात. कॉफी ह्या घमेल्यात. सोलून दिली बघ, तुजं काम वाचलं."

"अहो, उष्टी आहे ही!"

"तूच म्हनली ना, कुठल्या मुलखात उदमांजराच्या पोटातनं पडलेली कॉफी लोक म्हागाची म्हनून पितात? आमी तर तोंडातनंच परत दिली!"

योगिनी हसून हसून टेंपोला टेकली, पण घमेलं काही तिने घेतलं नाही. "प्यायला नाही चालायची, बाबा. पेरायला मात्र अशी ताजी बीच लागते. वाळू देऊ नका."

टेंपो रिकामाच गेला. आता हशा पिकणार म्हणून कमळू मान खाली घालून बसला. पण हसलं कोणीच नाही. धाऊ घमेल्यात वाकून बिया चाळवत होता.

"देवाचं नवं खाल्लंय. त्याची बी उकिरड्यावर टाकू व्हय? कमळू, माजी कंची रे ह्यातली? दुसऱ्याची उष्टी नाय पेरनार मी."

"घे कंची पन, मातीला कळत नाय!" बाईजाने प्रत्येकाच्या ओंजळीत वाटा टाकला.

मग काय! कमळूदादा, वाफा कुठं करू? कमळूदादा, सावली किती पायजे? पाला किती घालू? घरोघर सांगता सांगता तिन्हीसांजेपर्यंत कमळूचा घसा बसला. ओसरीवर मिठाच्या पाण्याने गुळण्या करतोय, तर काठी टेकत गोजरआजी हजर. चेहरा पडलेला.

"कमळू, मी तर बी गिळली रे. मला दातच कुठं हायत? आता कसं?"

कमळूने चूळ टाकली आणि होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून सांगितलं, "भिऊ नको, आजे. सावलीतच हाय ती."