पाण्यातले पेशंट

चौलपासून कोर्लईपर्यंतच्या पट्ट्यात मुळं, पानं किंवा खवले असलेली एकही गोष्ट अशी नसेल, जिची प्रकृती आमच्या घरमालकीणबाईंच्या दिरांनी तपासलेली नाही. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते चाळीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागलं. पण यांनी काम सोडलं नाही, फक्त पेशंट बदलले. सकाळी सातला इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात बॅटरी, हातात जुनी चामडी बॅग अशा थाटात ते स्वतःच्या वाडीत राउंडला निघत. जास्वंदीचं पान उलटं करून त्यावर बॅटरी मारत आणि "जीभ पांढरी आहे" असं पुटपुटत. अंगणातल्या कढीपत्त्याला त्यांनी आंबट ताक सुरू केलं होतं, दोन चमचे, जेवणानंतर. "भावजी, कढीपत्ता जेवतो कधी?" असं घरमालकीणबाईंनी विचारलं, तर ते जराही न हसता म्हणाले, "वहिनी, ऊन उतरलं की." बाजारातली एक कोळीण त्यांना लांबून बघूनच ओरडायची, "या कंपाउंडर, माझ्या बोंबलाला ताप हाय काय बघा!" ते खरंच वाकून बोंबलाला हात लावत आणि सांगत, "ताप नाही. वय मात्र लपवतेयस. कालचा आहे." मग ती त्यांना ताजे काढून द्यायची आणि दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडायची.

मी रेवदंड्याला आले ती शाळेत विज्ञान शिकवायला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. आमचं गाव आत, डोंगराकडे. थोडी भातशेती स्वतःची, आणि लावणीच्या दिवसांत आईबाबा दुसऱ्यांच्या शेतावरही जातात. इथे शिक्षकांच्या खोलीत पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "तुमची वाडी कुठे?" मी म्हटलं, "आतल्या बाजूला आहे. बाबा शेती बघतात." यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळी उभ्या राहिल्या असणार आणि मी त्या उभ्या राहू दिल्या. त्याची लाज मला आजही वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते. घरमालकीणबाईंना मात्र मी खरं ते सांगितलं होतं.

त्याच वर्षी अलिबागला वकिली करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आईच्या स्मरणार्थ शाळेला काचेची मोठी टाकी दिली. नुसत्या माशांची नव्हे, तर आत हिरवीगार बाग असलेली. रोपं मुंबईहून मांडव्याच्या बोटीने आली. दोन महिन्यांनी रीतसर समारंभ करून टाकीचं उद्घाटन व्हायचं होतं, वकीलसाहेब सहकुटुंब येणार होते. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुम्ही बी.एस्सी. आहात, टाकी तुमच्याकडे." माझी नेमणूक अजून कायम झालेली नव्हती. ही बाग जगली नाही, तर माझ्या पदवीचं काय मोल राहणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि बाग मरायला लागली. आठव्या दिवशी पानं पिवळी पडली, दहाव्या दिवशी काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळायला लागली. मी खत घातलं, तर काचेवर शेवाळ धरलं. दिवा दिवसभर लावून ठेवला, तर शेवाळ दुप्पट झालं. मुळं फुटली की नाही हे कळावं म्हणून मी रोज शाळा सुटल्यावर एकेक रोप हलकेच उपटून बघायची आणि पुन्हा वाळूत खोल खोचायची. शेवटी हार मानून मी अर्ज लिहिला की टाकीची जबाबदारी कृपया दुसऱ्या कोणाकडे द्यावी. घरी रडत होते, ते घरमालकीणबाईंनी पाहिलं आणि भिंतीपलीकडे हाक मारली, "भावजी, तुमच्या कामाची केस आहे हो!"

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला ते बॅग घेऊन प्रयोगशाळेत हजर. टाकीपुढे स्टूल ओढून बसले आणि त्यांनी आधी मलाच गप्प केलं. "हळू बोला बाई. पेशंट ऐकतात." मग प्रत्येक रोपाचा वेगळा केसपेपर काढला. पाण्याचा थेंब जिभेवर घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे शाळेच्या विहिरीचं? मचूळ आहे. खाडीचं पाणी मुरतं तिच्यात. समुद्रकाठी राहून पाणी चाखून बघायचं विसरलात?" त्या दिवसापासून ते स्वतःच्या वाडीतल्या गोड्या विहिरीचं पाणी दोन कॅनमधून स्कूटरवर घालून आणायला लागले. दिवा सहाच तास, खत बंद. जुन्या दवाखान्यांत औषधाच्या बाटलीला कातरे मारलेली कागदी पट्टी चिकटवत, एक कातरा म्हणजे एक डोस. तशी पट्टी त्यांनी टाकीला चिकटवली, रोज एकेक कातरा पाणी बदलायचं. पट्टीसाठी कागद म्हणून टेबलावरचा माझा अर्जच उचलला. मी "अहो, तो..." म्हणेपर्यंत कात्री चालली होती. "कागद जाड आहे, पाण्यात टिकेल," ते म्हणाले. मुलांनी टाकीवर टकटक करू नये म्हणून त्यांनी "भेटण्याची वेळ ४ ते ५" अशी पाटी लावली, आणि नववीची मुलं खरोखरच चारला रांग लावून, कुजबुजत यायची.

पाणी निवळलं, शेवाळ हटलं, पण रोपं काही सुधरेनात. एक दिवस त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जाहीर केलं, "बाई, ही केस माझ्या हाताबाहेरची आहे. स्पेशालिस्ट बोलवावा लागेल."

"मुंबईहून?"

"छे! तुमच्या वडिलांना फोन लावा."

बाबांनी माझ्या शाळेचं दारसुद्धा पाहिलेलं नव्हतं. "त्यांना हे काय कळणार?" असं मी बोलून गेले. एरवी कंपाउंडर माझ्या प्रत्येक वाक्याला काहीतरी टोला द्यायचे. त्या दिवशी त्यांनी फक्त हात पुढे केला आणि म्हणाले, "नंबर सांगा."

बाबा दुपारच्या एसटीने आले. चपला बाहेर काढून ते प्रयोगशाळेच्या दारात थांबले. कंपाउंडर स्वतः उठले, मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतून हाताची खुर्ची उचलून आणली आणि टाकीसमोर मांडली. "बसा डॉक्टर. दुसरं मत हवंय." तोवर दोन-तीन शिक्षक आणि अर्धी नववी दारात जमली होती. बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. बराच वेळ काचेतून बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाय, ह्यांना रोज कोन उपटतंय?"

मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"भाताची आवनी झाल्यावर रोप पिवला पडतंच की गो. आठ-पंधरा दिस मेल्यासारखा दिसतंय. मंग धरतंय. तू काय काल जन्मलीस? आपन कधी उपटून बगतो?" मग काचेला बोट लावून, "नि गाडलंयस किती खोल! कोंब कुजंल."

"वाटलंच मला!" कंपाउंडर मान डोलवत म्हणाले. "काय करायचं डॉक्टर?"

बाबांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि पाण्यात हात घातला. सडलेली पानं खुडून टाकली. मग एकेक रोप अंगठा आणि दोन बोटांत धरून, जितकं टेकेल तितकंच वरवर वाळूत लावलं, चिखलात लावतात तसंच. त्यांचा हात भराभर चालत होता आणि रोपं सरळ ओळीत उभी राहत होती. कोणीतरी मागून विचारलं, "तुमची भाताची लावणी असते?" आणि बाबांच्या आधी मीच म्हणाले, "हो. आमची थोडी, आणि दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीनेही."

त्यानंतर पंधरा दिवस मी टाकीला हात लावला नाही. सोळाव्या दिवशी एका रोपाच्या मधून पोपटी, बारीक पान निघालेलं दिसलं. नर्सरीत ही रोपं पाण्याबाहेर वाढवलेली होती. ती जुनी पानं टाकून पाण्यातली नवी पानं धरत होती, हे मी नंतर वाचलं. समारंभ झाला. वकीलसाहेबांच्या मुलीला टाकीपुढून हलवेना. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. कंपाउंडर मात्र आले नाहीत. वाडीत एका पोफळीला बरं नाही, असा निरोप आला.

मी पेढे घेऊन गेले, तर घरमालकीणबाई हसायला लागल्या. "अगं, भावजी तुझ्या शाळेतून पहिल्याच दिवशी घरी येऊन मला म्हणाले होते, पोर रोज रोपं उपटून बघते, दुसरं काही नाही."

मी तशीच कंपाउंडरांच्या पडवीत गेले. "तुम्हाला माहीत होतं. मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी पेढा अर्धा केला, अर्धा मला परत दिला. "बाई, कंपाउंडर औषध बांधून देतो. लिहून देणारा वेगळा असतो," म्हणाले आणि बॅटरी घेऊन पोफळीकडे निघून गेले. आभार मानायचे राहिले.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना पनवेलला घेऊन गेला. गुडघे थकले होते. घराला आता कुलूप आहे, पाण्याचे कॅन पडवीच्या कोपऱ्यात उलटे ठेवलेले आहेत. माझी नेमणूक कायम झाली, आणि बाबा अधूनमधून मला भेटायला येतात. एसटीतून उतरून ते आधी त्या पडवीच्या पायरीवर जाऊन बसतात. घरात कोणी नाही हे त्यांना ठाऊक असतं. मी म्हणते, "बाबा, खोलीवर चला, चहा टाकलाय." ते पायरीवरून उठत नाहीत. "तू हो पुढं," म्हणतात, "मी बसतो जरा."