व्याज उतरलं त्या वर्षी

त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मला वाटलं, माया. म्हातारा माणूस, पांढरं धोतर, कपाळाला गंध, आणि बोलतोय चक्क मराठी. चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत, त्याच्या घराच्या ओट्यावर आम्ही दोघं बसलेलो. हात डाव्या खांद्यावरून निघाला आणि तिरका कमरेकडे उतरला. परत वर गेला. परत खाली. बोटं काहीतरी शोधत होती. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. सदऱ्याखाली बनियन, बनियनखाली मी. दुसरं काही नव्हतं.

हात थांबला. मग उचलला गेला.

"आडनांव काय म्हणालांत?"

मी म्हणालोच नव्हतो. इथं कुणी आडनाव सांगत नाही. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर, त्यापुढे आपलं नाव, झालं. मला ही पद्धत फार आवडायची. आता मी आडनाव सांगितलं. पूर्ण, ऐकू जाईल असं. पिढ्यान् पिढ्या तंजावरात राहिलेल्या माणसाला ते ओळखता आलं की नाही, कोण जाणे. पण जानवं नाही, हे बोटांना आधीच कळलं होतं.

खांद्यावरच्या पंच्याला त्यानं हात पुसला. माझ्या हातात कॉफीचा पेला होता, अर्धा प्यायलेला. तो घरात तोंड करून बायकोला तमिळमध्ये म्हणाला, "अंद टम्ळर तनिया वै." तो पेला वेगळा ठेव. त्याला वाटलं असेल, महाराष्ट्रातून आलेल्याला काय कळतंय. मी अंबत्तूरच्या पलीकडे सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात काम करत होतो. भुसावळकडून बदलीवर आलो त्याला बरीच वर्षं झाली होती. मला तमिळ कळत होतं. सगळं कळत होतं.

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "पेपर वाचिलांत ना? कर्जाचें व्याज उतरलें. आतां भाव चढणार. तें घर आम्हीं दुसऱ्यास देऊन टाकिलें."

कॉफी येण्याआधी हाच माणूस म्हणाला होता, "तें घर तुम्हांसच. मराठी माणसासच द्यावयाचें म्हणून ठेविलें." कॉफी अजून कोमट होती, तेवढ्यात घर दुसऱ्याचं झालं.

मी उठलो. बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. आधी राग आलाच नाही, लाज वाटली. लाज त्याला वाटायला हवी होती, वाटली मला. ज्यानं हे सोसलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या वर्षी सगळीकडे एकच बोलणं होतं. व्याज उतरलं. शहराचं नाव मद्रासचं चेन्नई झाल्याला थोडीच वर्षं झाली होती, आणि पेपरवाले लिहीत होते की आता प्रत्येकाचं स्वतःचं घर होणार. प्रत्येकाचं. मला हा शब्द तेव्हाही खुपला होता. प्रत्येकाचं म्हणून जे जे येतं, ते आमच्या दारापर्यंत यायच्या आतच संपतं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण बँकेतल्या साहेबानं हिशोब करून दाखवला. हप्ता आता माझ्या पगारात बसत होता. आमचे क्वार्टर जुने. छताचा गिलावा जेवणाच्या ताटात पडायचा. सुमन, माझी बायको, पेपरातल्या जाहिरातींमधले नकाशे कापून ठेवायची आणि त्यात आपलं कपाट कुठं बसेल ते बघायची. तिच्यामुळे मी विश्वास ठेवला.

घराचं कळलं ते षण्मुगमकडून. माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस, मनानं चांगला. तो म्हणाला, अंबत्तूरला एका रायराची जागा होती. जागा बिल्डरला दिली, बदल्यात त्याला नव्या इमारतीत घरं मिळाली. त्यातलं एक विकायचंय. "तुमच्याच भाषेतला माणूस आहे," म्हणाला. तंजावरकडच्या मराठी ब्राह्मणांना इथं रायर म्हणतात. मराठी बोलणारा म्हणजे रायर, अशी साऱ्या शहराची समजूत. षण्मुगमचीही तीच. मी मराठी, म्हणजे मीही रायर. इतकी वर्षं माझ्या डब्यातलं बोंबलाचं कालवण खाऊनसुद्धा.

म्हातारा तेच समजून बसला होता. त्याची चूक भाषेची होती. दुरुस्ती त्यानं बोटांनी केली.

सुमनला मी सगळं सांगितलं. ती नकाशांची कात्रणं आवरत होती. म्हणाली, "आपण घर बघायला गेलो होतो. मुंज लावायला नाही." आणि कात्रणं चुलीशी नेऊन ठेवली, पेटवायला. मी ती परत उचलली. का उचलली, माहीत नाही. घर मला हवंच होतं.

पुढचे काही महिने मी अंबत्तूरहून येता जाता त्या इमारतीकडे बघायचो. पहिला मजला, पूर्वेची गॅलरी. देऊन टाकलेलं घर. पण गॅलरीत कधी कपडे वाळले नाहीत. खिडक्यांच्या काचांवर चुन्याच्या फुल्या तशाच. खालची घरंही रिकामी. भाव काही चढला नव्हता. चढणार कसा? कारखान्यात जो तो म्हणत होता, थांब, व्याज अजून उतरेल, घाई करू नकोस. षण्मुगम थांबला. त्याचा मेहुणा थांबला. पेपर म्हणत होता तेजी येणार, आणि इमारतीच्या दारात वॉचमन एकटा डुलक्या काढत होता. तेव्हापासून मी पैशाची बातमी वाचतो ती आधी हे विचारत, की ही कुणाच्या सोयीची.

मग एका रविवारी सकाळी म्हातारा आमच्या क्वार्टरच्या दारात उभा. षण्मुगमकडून पत्ता घेऊन आला होता. उन्हानं लाल झालेला. मी आत बोलावलं. खुर्ची दिली. टेकला, अगदी काठावर. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला सुमननं सकाळीच हार घातलेला. त्यानं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

सुमननं कॉफी आणली. स्टीलच्या पेल्यात, त्यांच्या पद्धतीनं वाटीत बसवून. तो म्हणाला, "नको. आज एकादशी."

माझ्या डोक्यावरच कॅलेंडर होतं. मी वळून बघितलं. एकादशी नव्हती. तोही बघत होता. कॉफीवर साय धरत होती.

शेवटी तोच बोलला. "ठेवीवरचें व्याज उतरलें. आमचें अस्कें खाणेंपिणें त्यावर चालतें. घर विकल्यावांचून इलाज नाहीं. भाव कमी करितों. तुम्हींच घ्या."

मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. ज्या बातमीनं मला कर्ज मिळत होतं, त्याच बातमीनं हा माणूस माझ्या दारात आणून बसवला होता. पाठीवरून फिरलेल्या हाताला पैशाची गरज पडली होती. क्षणभर त्याची कीवही आली. थकलेला होता तो. मी विचारलं, "घर तर दुसऱ्याला दिलं होतं ना?"

त्यानं ते ऐकलंच नाही. म्हणाला, "एक इतकेंच. दारावर नुसतें राव लिहा. कोणी पुसलें तर तंजावरकडचे म्हणा. आणि ही तसबीर आंतल्या खोलींत लावा. बाकीचीं घरें विकावयाचीं आहेत. लोक बिचकतात."

खोटं कशाला सांगू, माझं मन डगमगलं. पूर्वेची गॅलरी डोळ्यांपुढे आली. ताटात न पडणारा गिलावा. दोन अक्षरांचीच तर पाटी, असं एक मन म्हणालं. मी सुमनकडे बघितलं. ती माझ्याशी बोलली, पण म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं. "अहो, माझी आई घरात पाऊल टाकलं की आधी तसबिरीला हात जोडते. तिला काय सांगू? आतल्या खोलीत लपून जोड?"

माझं मन जागेवर आलं. मी म्हाताऱ्याला म्हणालो, "दारावर माझं आडनाव लागेल. पूर्ण. तसबीर समोरच्या भिंतीवर. आता भाव सांगा."

त्यानं पंचा खांद्यावर सारखा केला. "मग कठीण आहे," म्हणाला.

"आम्हाला नाही," सुमन म्हणाली.

तो गेला. ती कॉफी मी प्यायलो. थंड झाली होती तरी सगळी प्यायलो. ते घर आम्हाला मिळालं नाही. सुमन त्या दिवशी स्वयंपाक करताना रडली, कांद्याचं निमित्तही तिनं केलं नाही. मीही तिला समजावलं नाही, कारण समजावण्यासारखं काही नव्हतं. आम्ही अजून त्याच क्वार्टरमध्ये आहोत आणि गिलावा अजून पडतो.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी अंबत्तूर स्टेशनबाहेरच्या पेंटरकडून पाटी करून घेतली. तमिळमध्ये, इंग्रजीत आणि मराठीत. तिन्ही लिप्यांत माझं आडनाव, मोठ्या अक्षरांत. पेंटर म्हणाला, "घर झालं का सार?" मी म्हणालो, नाही. तो बघत राहिला.

आता कुठं घर बघायला गेलो की ती पाटी पिशवीतून काढतो आणि सगळ्यात आधी मालकासमोर ठेवतो. हा माणूस घर घेणार आहे, वाचा. कॉफी नंतर. भाव नंतर. पाटी वाचल्याबरोबर काही घरं अचानक दुसऱ्याला दिलेली निघतात. निघू देत. पेपर म्हणतो व्याज अजून उतरणार आहे. उतरो, नाहीतर चढो. माझी जात ज्याला बघायचीय त्यानं ती समोरून, डोळे उघडे ठेवून वाचायची. पाठ मी आता भिंतीला टेकवून बसतो.