दातार वहिनींच्या छतावरची खारट ओल

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तीस वर्षं वॉटरप्रूफिंगची कामं करतोय. पाणी वरून खाली येतं आणि कुठूनतरी येतं — माझी श्रद्धा एवढीच. 'पेंडसे, गुडघ्याबरोबर डोक्याचंही ऑपरेशन झालं का?' असं कुणाला विचारायचं असेल तर तेही बायकोने विचारून झालंय.

मागच्या वर्षीची गोष्ट. कर्वेनगर, तिसरा मजला, आमचा हॉल. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सक्तीची विश्रांती होती, म्हणून मुलीने एक जाडजूड कादंबरी आणून दिली. जहाज, धुकं, जागा बदलणारी बेटं, पिशवीत वारा भरून विकणाऱ्या म्हाताऱ्या... म्हटलं, हा काय पोरखेळ! पण चाळीस पानांत असा अडकलो की हॉलमधल्या खुर्चीत बसून नाकाला डांबराचा वास यायला लागला. कित्येक वर्षांत इतका आनंद कशाने झाला नव्हता.

चौथ्या दिवशी, सोमवारी, खालच्या मजल्यावरच्या दातार वहिनी दारात.

"अहो पेंडसे, लोकांची छतं कोरडी करता ना तुम्ही? आमच्या हॉलचं गळतंय. रविवारी मुलीचा साखरपुडा आहे, घरातच. पाहुण्यांना छत्र्या घेऊन या म्हणू का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या हॉलखालून पाइप जातच नाही! तरी बाथरूममध्ये चोवीस तास पाणी साठवून पाहिलं. काही नाही. काठी टेकत खाली गेलो, तर डाग बरोबर माझ्या खुर्चीखाली. बोट लावून चाखलं. सिमेंटचा क्षार मला कळतो हो... हे मीठ होतं.

मग लक्षात आलं — पुस्तकातलं जहाज बंदरात असलं की डाग वाळतो, समुद्रात निघालं की पसरतो. दोन दिवस ताडून पाहिलं आणि गुरुवारी लाज सोडून वहिनींना सांगितलं.

"मग वाचू नका. त्यात काय एवढं?"

जहाज नेमकं वादळात, साठेक पानं उरलेली! जीव तुटत होता, तरी पुस्तक कपाटात टाकलं. आणि शुक्रवारी डाग थांबायचा सोडून खाली बादली लावायची वेळ आली. पुस्तक बंद, वादळ चालू. आता याला काय म्हणायचं?

शनिवारी सकाळी वहिनी परत आल्या. या वेळी टोमणा नव्हता, डोळे भरलेले होते. "पोरगी किती वर्षांनी लग्नाला हो म्हणालीये, माहितीये ना तुम्हाला? काहीही करा."

"जहाज बंदराला लागायला हवं," मी म्हटलं.

"मग लावा की! मी बसते समोर. मोठ्यांदा वाचा."

"आणि शेवटी बुडालं तर? शेवटचं पान आधी बघतो."

"अजिबात नाही. पुस्तक वाचायचं ते सरळ वाचावं."

वाचलं. डोलकाठी मोडली, दोन खलाशी वाहून गेले, वहिनींनी पदराचं टोक तोंडात धरलं. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? दुपारी दोनच्या सुमारास फाटक्या शिडाने जहाज धक्क्याला लागलं. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. खालून मुलगी होती — "आई, थांबलं."

साखरपुडा कोरड्या छताखाली झाला. नंतर मी सगळा स्लॅब ठोकून पाहिला, ओळखीच्या दोन इंजिनिअरांना दाखवला. कारण सापडलं नाही. आजही माझ्याकडे उत्तर नाही, आणि याची मला भयंकर चीड येते.

त्यात वहिनींनी व्याह्यांना सांगून ठेवलंय, गळती थांबवावी तर पेंडशांनीच. परवा त्या व्याह्यांचा फोन आला. बेडरूमचं छत गळतंय म्हणे. गेली तीस वर्षं माझा पहिला प्रश्न पाइपलाइनचा असतो. या वेळी तोंडातून निघून गेलं, "वरच्या मजल्यावर काय वाचतात हो?"

त्यांनी फोन ठेवला.